हौसाआत्याची जीभ

चेअरमनच्या खोलीत आवाजाचा कन्सोल कशाला, हे वृषालीनं विचारलं नव्हतं असं नाही. पण मिळालेल्या उत्तरावर तिचं समाधान झालं, आणि पुढचं सगळं किळसवाणं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

मोरणी खोरे सहकारी दूध संस्थेचं नवं सभागृह नुकतंच उभं राहिलं होतं. गावोगावच्या लहान संस्था मोडून खोऱ्याची एकच मोठी संस्था झाली, त्याला काही वर्षं लोटली होती. सभासद वाढले, दूध वाढलं आणि वार्षिक सभेतल्या मारामाऱ्याही वाढल्या. खुर्च्या फेकणं, माइक हिसकावणं, मैदानात समांतर सभा भरवणं या सगळ्याला विटून सरकारनं नियम केला, की मोठ्या संस्थांमधलं आवाजी मतदान यापुढं यंत्रानंच मोजायचं.

जुन्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा नियम का हवा होता हे सांगायला नको. सचिव विषय वाचतो न वाचतो तोच पुढच्या रांगांत आणून बसवलेली मंडळी हात उंचावून ओरडायची, "मंजूर, मंजूर!" मागून कुणी 'नामंजूर' म्हणालंच तर ते त्या कालव्यात बुडून जायचं. सगळे विषय चहा निवायच्या आत मंजूर, मग राष्ट्रगीत आणि हातात पेढ्याचं पाकीट.

वृषालीनं हे लहानपणी हौसाआत्याच्या मांडीला मांडी लावून पाहिलं होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर वृषालीला वाढवलं ते तिनंच. गोठ्यात एकच म्हैस, पण दर सभेला ही बाई धुवट लुगडं नेसून जायची, भर गोंधळात उभी राहायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "नामंजूर!" पुढचे लोक मागे वळून हसायचे. आत्या पदर सारखा करून खाली बसायची. त्या हसण्याचा राग वृषालीच्या पोटात तेव्हापासून होता.

पुण्यात ध्वनिमुद्रण शिकून तिनं बरीच वर्षं सिनेमांच्या आवाजाचं मिश्रण केलं. मग मतमोजणीची यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीनं माणसं मागवली, तेव्हा ती सिनेमा सोडून तिकडे गेली. पहिलं सभागृह आपल्याच खोऱ्यातलं मिळालं याचा तिला कोण आनंद झाला होता.

यंत्रणा खरोखरच सुरेख होती. प्रत्येक खुर्चीच्या पाठीत एक बारीक माइक. कुणीही बोललं की तो आवाज जवळच्या माइकला आधी, लांबच्याला किंचित उशिरा पोचतो. या उशिराच्या हिशोबावरून यंत्र ओळखायचं, की आवाज नेमका कुठल्या खुर्चीतून आला; शब्द मंजूर की नामंजूर, हेही त्याला कळायचं. गळा एक, मत एक. पुढच्या रांगेतला पैलवान छप्पर उडेल एवढा ओरडला तरी त्याचं मत एकच, आणि मागच्या म्हातारीनं हळूच म्हटलं तरी तिचंही एकच.

हे सगळं बरोबर चाललंय ना, हे ऐकण्यासाठी मागे वर काचेआड वृषालीची खोली होती, आवाजाची सगळी बटणं असलेल्या कन्सोलसह. तिच्या चहूबाजूंनी स्पीकर. डोळे मिटले की सभागृहाच्या मधोमध बसल्यासारखं ऐकू यायचं. डावीकडचा खोकला डावीकडून, मागची कुजबूज मागून. याला मॉनिटर म्हणतात. ही फक्त ऐकण्याची वाट. त्यात काही केलं तरी सभेतल्या आवाजाला धक्का लागत नाही. उलट दिशेनं बोलायचं तर एक वेगळं बटण असतं, टॉकबॅकचं. स्टुडिओत काचेपलीकडच्या गायकाला सूचना द्यायला ते लागतं. ते दाबलं की आपला आवाज पलीकडे जातो आणि तेवढा वेळ आपल्याकडचे स्पीकर आपोआप मंद होतात, नाहीतर शिट्टी वाजते.

"दुसरा कन्सोल चेअरमनसाहेबांच्या खोलीत जोडायचा," कंपनीचा उपासनी म्हणाला. हा पुण्याहून गाडीनं यायचा आणि सदा हसतमुख असायचा. "मॉनिटर आणि टॉकबॅक, दोन्ही."

"ऐकायचं समजू शकते. टॉकबॅक कशाला?"

"निम्मे सभासद म्हातारे आहेत, वृषाली. त्यांना स्टेजवरचं ऐकू येत नाही. म्हणून तर प्रत्येक खुर्चीत डोक्याशी छोटा स्पीकर दिलाय. साहेबांना कुणाला काही समजावायचं असलं तर थेट समजावता येईल."

म्हाताऱ्यांचं नाव काढल्यावर वृषाली विरघळली. तिनं दिवसभर राबून दोन्ही कन्सोल एका यंत्रणेत गुंफले. जोडणी इतकी नेटकी झाली की तिनं फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, "माझा आवाज धरंल न्हवं तुझं यंत्र?"

"धरंल. तू एकदाच बोल, आत्या. ओरडू नकोस. नुसतं बोल."

"औंदा बोलायलाच पायजे. एका म्हशीवाल्यांचं मत काढून घेनार हाईत म्हनं. ठराव येतोय वार्षिक सभंत. दूध घाला, पर तोंड उघडू नगा."

"मग उघड की तोंड. यंत्र मोजणार, हा माझा शब्द."

वार्षिक सभेआधी एक लहान सभा झाली, पशुखाद्याच्या दरावर. आत्या उठली. पदर सावरून तिनं सुरुवात केली, "चेअरमनसाहेब, माझं म्हननं असं हाय..." आणि तिची जीभ अडकली. "मा... माझं म... म्हन... नं..." ती थांबली, घसा खाकरला, पुन्हा बोलू लागली. पुन्हा तेच. शब्द तोंडात लोळायला लागले. पुढच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. आत्यानं ओठांवरून हात फिरवला, ते आपलेच आहेत का हे बघावं तसा, आणि ती बसली. त्या सभेत आणखी चारदोन जण असेच त त प प करून खाली बसले, पण वृषालीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपली खोली सोडून धावत खाली आली. तिला वाटलं, आत्याला लकवा झाला.

दवाखाना झाला, डोक्याचे फोटो झाले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालंय. आत्यानं ते निमूट ऐकून घेतलं आणि बोलणंच टाकलं. जेवायला वाढू का, तर मान हलवायची. दारात शेजारीण आली तर आत निघून जायची. आयुष्यभर जिच्या तोंडाला गाव वचकून असायचं ती बाई मुकी झाली.

आठवडा गेला असेल. वृषाली अंगणात दात घासत होती, तेव्हा गोठ्यातून स्पष्ट आवाज आला, "आगं राजे, सरक की मागं, पाय देशील माझ्यावर!"

वृषाली तशीच आत गेली. "आत्या, तू तर नीट बोलतीस!"

"म्हशीशी बोलताना काय हुत न्हाई," आत्या खाली बघत म्हणाली. "मानसांत लाज गेली माझी. सभंत त्या खुर्चीत बसले आनि तोंडात कुनी बोळा कोंबल्यावानी झालं बग."

वृषालीनं तोंडातला फेस थुंकला आणि ती थेट सभागृहात गेली.

मॉनिटरमध्ये कुठल्याही एका खुर्चीची वाट वेगळी काढून ऐकता येते. तिनं आत्याची खुर्ची निवडली. यंत्रणेनं साठवलेलं त्या सभेचं ध्वनिमुद्रण लावलं. "चेअरमनसाहेब, माझं म्हननं असं हाय..." आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी किंचित मागून, पुन्हा आत्याचाच आवाज, "...माझं म्हननं असं हाय." तो खुर्चीतल्या स्पीकरमधून येत होता; सभेत सगळ्या खुर्च्यांच्या एकत्र आवाजात तो बुडून गेला होता. वृषालीला कळायला क्षणही लागला नाही.

माणूस बोलतो तेव्हा त्याचा कान जिभेवर राखण करत असतो. स्वतःचा आवाज ऐकत ऐकतच आपण पुढचा शब्द उच्चारतो. हाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा उशिरा कानात सोडला की राखण बिघडते. मेंदूला वाटतं, शब्द अजून संपला नाही, आणि जीभ तो पुन्हा धरू पाहते. धडधाकट माणूस तोतरा होतो. ध्वनिशास्त्रात ही जुनी गोष्ट आहे, वृषाली ती पहिल्याच वर्षी शिकली होती. फक्त कुणी ती एखाद्या म्हातारीवर वापरेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिनं बाकीच्या खुर्च्या ऐकल्या. मतदानाच्या वेळी तर आणखीच घाण प्रकार. लोकांनी तोंड उघडण्याच्या जरासं आधी प्रत्येकाच्या खुर्चीत डावीउजवीकडून हलकेच आवाज सोडलेले, "मंजूर... मंजूर." शेजाऱ्याचे वाटावेत असे, त्याच गावच्या हेलातले. प्रत्येकाला वाटावं, सगळेच हो म्हणताहेत, मी एकटाच कोण शहाणा? मग तोही म्हणायचा, आणि यंत्र त्याचं मत इमानेइतबारे मोजायचं. मोजणीत एका मताचीही खोट नव्हती. गळेच नासवलेले होते.

खात्री करायला तिनं चेअरमनच्या रिकाम्या खोलीतला कन्सोल सुरू केला, आत्याच्या खुर्चीचं बटण चालू ठेवलं आणि स्वतः जाऊन त्या खुर्चीत बसली. "माझं नाव वृषाली पोवार," एवढंच म्हणायचं होतं. "मा... माझं ना... ना..." जीभ जाड झाली. तोंडात दुसऱ्या कुणाचं तरी बोट असल्यासारखं वाटलं. ती उठून बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि रिकाम्या पोटातलं कडू पाणी ओकून टाकलं.

दुपारी चेअरमन बापूसाहेब इंगवले खोलीत मसाला दूध पीत बसले होते. समोर उपासनी. वृषालीनं जे होतं ते तोंडावर सांगितलं. बापूसाहेबांनी पेला खाली ठेवला. साईचा एक तुकडा मिशीला चिकटला होता आणि ते बोलायला लागले की तो हलत होता.

"ताई, आम्ही कुनाचा माइक बंद केला का? कुनाला हाताला धरून खाली बसवलं? ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. जीभ त्याची, त्यानं सांभाळावी."

"तुम्ही म्हातारीला अपंग करताय, बापूसाहेब!"

"अहो, सभा किती शांत झाली बघा की. एक खुर्ची उडाली न्हाई. पूर्वी डोकी फुटत होती. तुमच्या आत्याबाईंचं म्हनाल तर चांगल्या डॉक्टरला दाखवू. खर्च संस्था करंल." ते मनापासून म्हणाले, आणि तेच सगळ्यांत ओंगळ होतं.

उपासनी हसतमुखच होता. "सरकारी तपासणी फक्त मोजणीची होते, वृषाली. मोजणी चोख आहे. आणि जोडणी तुझ्या हातची आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. शाळांच्या पालकसभा, सोसायट्यांच्या सभा, केवढी मागणी येतीय माहीत आहे? शोकसभेसाठीसुद्धा विचारणा आली. लोक वेळेवर रडत नाहीत म्हणे."

बापूसाहेब खो खो हसले. साय मिशीवरून ओठात गेली. वृषालीला तिथं आणखी एक क्षण थांबवेना.

घरी येऊन तिनं आत्याला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. आत्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हंजी माझी जीभ चांगली हाय?"

"चांगली आहे. त्यांचीच नियत सडलीय. मी वार्षिक सभेच्या दिवशी त्यांची टॉकबॅकची वाट तोडणार आहे. बटणाचा दिवा लागंल, पण आवाज जाणार नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तुझी तार ऱ्हाऊ दे तारंच्या जागी. मी कानात कापूस घालून जाते. कानातच काय आलं न्हाई तर जीभ कशाला अडकंल?"

वृषालीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. उपाय अगदी बरोबर होता.

वार्षिक सभेला सभागृह गच्च भरलं. उपासनी चेअरमनच्या खोलीतल्या कन्सोलवर बसला. वृषालीनं आपल्या खोलीला आतून कडी घातली, त्याची वाट तोडली आणि मॉनिटर पूर्ण खुला केला. आज पहिल्यांदा सभा जशी आहे तशी ऐकू येणार होती. तिला खात्री होती, की आता निकाल आपोआप बदलेल. घाण नळातून येत होती, नळ बंद केला, संपलं. यंत्रावर काम करणाऱ्यांची चूक ही अशीच असते.

ठराव वाचून झाला. रोज किमान दहा लिटर दूध न घालणाऱ्या सभासदांना यापुढं मताचा अधिकार राहणार नाही. त्या सभागृहातली निम्मी माणसं या ठरावानं गप्प होणार होती.

"मंजूर म्हननाऱ्यांनी आवाज द्यावा," बापूसाहेब म्हणाले.

"मंजूर!" पुढच्या रांगा एकसाथ.

"विरोधी?"

उजवीकडून, मागच्या बाजूनं दणदणीत आवाज आला, "नामंजूर!" कानात कापूस असल्यानं आत्या नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलली होती. जीभ अडखळली नाही.

आणि बस्स. दुसरा आवाज नाही. वृषालीनं आवाज आणखी वाढवला. चहूबाजूंनी तिला फक्त तोंडं ऐकू आली. आवंढा गिळल्याचा आवाज. कुणी तरी बोलायला श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. बांगड्या वाजल्या, खोकला दाबला गेला. गेल्या सभेत ज्यांची शोभा झाली होती ते पुन्हा शोभा करून घ्यायला तयार नव्हते, आणि ज्यांनी ती बघितली होती तेही नव्हते. तार तोडलेली होती. खुर्च्या मुक्या होत्या. तरी माणसं गिळत होती.

वृषालीला त्या क्षणी बापूसाहेबांपेक्षा स्वतःची जास्त किळस आली. तिनं खरं काय ते फक्त आपल्या आत्याला सांगितलं होतं. बाकीच्यांच्या जिभा तिला सुचल्याच नाहीत.

पडद्यावर आकडे आले. मंजूरच्या पुढं भली मोठी संख्या, नामंजूरच्या पुढं एक.

"बहुमतानं ठराव..."

"फेरमोजनी!" आत्या अजून उभीच होती. तिला ऐकू काही येत नव्हतं, पण आकडा दिसत होता आणि नियम पाठ होते. कुठल्याही एका सभासदानं मागितली तर एकदा फेरमोजणी, म्हणजे नव्यानं आवाजी मतदान, घ्यावीच लागायची.

बापूसाहेब हसले. "घ्या हो, घ्या. आक्कांची हौस ऱ्हायला नको." सचिवानं मोजणी पुन्हा उघडली.

वृषालीनं सगळ्या खुर्च्या निवडल्या आणि आपल्या टॉकबॅकचं बटण दाबलं. भोवतालचे स्पीकर मंद झाले.

"मी वृषाली पोवार, हौसाबाईंची भाची. ही यंत्रणा मी जोडलीय. मागच्या सभेत ज्यांची जीभ अडखळली त्यांना कसलाही आजार झालेला नाही. तुमचाच आवाज तुमच्या खुर्चीतून तुमच्या कानात उशिरा सोडत होते, तुम्ही बोलू नये म्हणून. शेजारचा मंजूर म्हणाला असं तुम्हाला ऐकू आलं, तेही खोटं. शेजारी काही बोललाच नव्हता. हे चेअरमनच्या खोलीतून चालत होतं. मी आता ती वाट तोडलीय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बोलून बघा. काहीही बोला. आपापलं नाव सांगून बघा."

बोलणं संपलं तरी बोट बटणावरच राहिलं. ते उचलल्याशिवाय सभागृह ऐकू येणार नव्हतं, आणि पुन्हा तेच आवंढे ऐकू आले तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मागे दारावर लाथा बसायला लागल्या. उपासनीच्या आवाजातलं हसू आता गेलं होतं. "वृषाली, दार उघड! तू संपलीस, कळतंय का?"

तिनं बोट उचललं.

डावीकडून, अगदी हळू, घाबरत घाबरत एक म्हातारा आवाज, "गणपा ईश्वरा सुतार." थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्यानं, "गणपा ईश्वरा सुतार." मागून एक बाई, "शेवंता... शेवंता बाळू डवरी." मग समोरून, मग उजवीकडून. कुणी आपलं नाव घेत होतं, कुणी गावाचं, कुणी तर म्हशीचं. सगळं सभागृह आपापली जीभ चाचपून बघत होतं. वृषालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंडातली कडवट चव गेली नाही.

"सभा तहकूब!" बापूसाहेब ओरडले. "सभा तहकूब करन्यात येत हाय!" पण मोजणी उघडी होती, आणि मोजणी चालू असताना सभा तहकूब होत नाही, हा नियम त्यांच्याच सचिवानं त्यांना कानात सांगितला.

"ना... ना... नामंजूर," गणपा सुतार म्हणाला. कुठलंही यंत्र नसताना तो अडखळला. यंत्रानं एक मत मोजलं. त्याच्या शेजारून दुसरं आलं, मागून चार आली, आणि मग ती एकेक करून मोजत बसणं वृषालीनं सोडून दिलं.

दाराची कडी निखळत आली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. काचेतून तिला आत्या दिसत होती. बाई अजून उभी होती, चहूकडे हलणारी तोंडं बघत होती आणि तिला काही उमगत नव्हतं. तिनं शेजारणीला खुणेनं विचारलं, काय झालं. शेजारणीनं तिच्या कानाकडे बोट दाखवलं.

आत्यानं एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या. इतक्या वर्षांच्या सभांमध्ये तिनं नामंजूर ऐकला होता तो फक्त स्वतःचा. ती पदर सारखा करून खाली बसली आणि ऐकत राहिली.